जड छर्र्यांची मोजणी

माझ्या शब्दावर आमच्या भागात चाळीस बंदुका विकल्या गेल्या, आणि माझा शब्द चुकलेला होता. हे मी आज सरळ सांगते आहे. तेव्हाही सरळच सांगायचं होतं. पण सरळ सांगायला निघालेल्या बाईला किती लोक "आधी बसा, पाणी घ्या" म्हणतात, ते मला त्या आठवड्यात कळलं. आठवडाभर मी नुसती पाणीच पीत होते.

बंदुका खऱ्या नव्हेत, एअरसॉफ्टच्या. मण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या, खेळाच्या. रविवारी मोठी शहाणी माणसं डोळ्यांवर जाड चष्मे चढवतात, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात, म्हणजे आमच्या मैदानात, शिरतात आणि ड्रमांमागून एकमेकांवर नेम धरतात. छर्रा लागला की ज्याचा त्याने हात वर करायचा आणि बाहेर यायचं. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर चालतो. मारणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, लागलेल्याने सांगायचं असतं.

मी या खेळात आले ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधी तीस वर्षं बसडेपोत होते, दरवाजे दुरुस्त करायला. हवेच्या दाबावर उघडतात आणि मिटतात ना, ते दरवाजे. वॉशर कुठे झिजलाय, हवा कुठून फुसफुसतेय, हे मी डोळे मिटून सांगायचे. निवृत्त झाले आणि महिनाभरात घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलून झाले, तेव्हा धाकट्या भावाने हात टेकले. त्याचं छंदाच्या वस्तूंचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने मला एक टेबल दिलं, वर दिवा दिला आणि गॅसवर चालणाऱ्या बंदुकांचा एक खोका पुढ्यात ठेवला. "ताई, या सगळ्या गळतात," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत एकही गळत नव्हती.

तेव्हापासून मी तिथेच. भावाची मुलं मला आत्या म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकंही आत्याच म्हणतात. सत्तरीचा पंचसुद्धा मला आत्या म्हणतो. नवीन बंदूक आली की मी ती टेबलावर खोलते, भावजय समोर मोबाइल धरते आणि मी तोंडाला येईल ते बोलते. हा स्क्रू ज्याने आवळला त्याला माझ्यासमोर उभा करा. हे रबर आहे की शिळी पोळी. असं. या व्हिडिओंना भावजयीने नाव दिलं "आत्याचा पट्टा". लोकांना वाटतं मी रागावते ते नाटक आहे. नाटक कसलं, खराब काम बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर ही नवी बंदूक. काळी, आखूड नळीची, गॅस ब्लोबॅक. म्हणजे घोडा ओढला की मॅगझिनमधला गॅस छर्र्याला पुढे फेकतो आणि त्याच दमात आतल्या लोखंडी बोल्टला मागे ढकलतो. खांद्याला धक्का बसतो, खण्ण आवाज येतो, माणसं खूश होतात. सप्लायरने ती स्वतः आणून दिली. गोरा, गुळगुळीत, हातात सतत दोन फोन असलेला माणूस. आमच्या दुकानाची एजन्सी त्याच्याकडूनच आहे, आणि मैदानावरच्या सामन्यांचे फलकही तोच लावतो.

मी ती खोलली आणि गप्प झाले. भावजय मोबाइलच्या मागून म्हणाली, "ताई, बोला की." मी म्हटलं, "थांब गं, बघू दे." इतकं नीट काम फार दिवसांनी बघत होते. बोल्ट आरपार गुळगुळीत. धातू भरीव. मॅगझिनच्या व्हॉल्व्हचा वॉशर तेवढा मऊ होता, तो बदलला. घोड्याची ओढ लांब होती, म्हणून आतल्या दोन खाचा बारीक कागदाने घासून आरशासारख्या केल्या. मूठ माझ्या पंजाला मोठी होती, तीही कानशीने उतरवली. बोल्ट ओढायची कडी रुंद बसवली, माझा डावा अंगठा सांध्यात दुखतो म्हणून. दोन दिवस मी त्या बंदुकीत रमले होते, खोटं कशाला बोलू.

शेवटी मोजणी. नळीसमोर मीटर लावायचं, दहा छर्रे मारायचे, छर्रा किती जोराने जातो ते आकड्यात येतं. मैदानाची मर्यादा दीड ज्यूल. माझ्या बंदुकीने दाखवला एक पॉइंट तीन. दहाच्या दहा वेळा. मी मोबाइलकडे बघून म्हटलं, "डोळे मिटून घ्या."

लोकांनी डोळे मिटून चाळीस घेतल्या.

पुढच्या रविवारी मी तीच बंदूक घेऊन मैदानात उतरले. दुपारी आमच्या समोरच्या बाजूने दातांचा डॉक्टर पुढे सरकत होता. चांगला माणूस, दाढीवाला, पळताना पोट हलतं. मी ड्रमामागे. आमच्यात बारा पावलं असतील. दहाच्या आत मारायचं नाही असा नियम, मी नियमातच होते. मी एक छर्रा मारला. त्याने हात वर केला, पण तो वर केलेला हात लगेच तोंडावर गेला.

समोरचा दात अर्ध्यातून गेला होता. दातांच्या डॉक्टरचाच दात पडला म्हणून बाहेर काय हशा पिकला! तोही तोंडावर रुमाल धरून हसत होता. "तोंडाची जाळी लावली नव्हती, माझीच चूक," असं सगळ्यांना सांगत होता. कोणी विचारलं नाही की छर्रा कुणाचा. आमच्याकडे ते विचारत नाहीत. मी विचारायची वाट बघत उभी राहिले, आणि कोणी विचारलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

पण दात काही नुसता जाळी नसली म्हणून अर्ध्यातून जात नाही. जाळी नसली तर फार तर ओठ सुजतो. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मागच्या खोलीत बसले, बंदूक पुढ्यात घेतली आणि मीटर लावलं. एक पॉइंट तीन. पुन्हा एक पॉइंट तीन. मग माझं लक्ष डबीकडे गेलं. मोजणीचे छर्रे हलके, पांढरे. सगळं जग त्यांनीच मोजतं. खेळताना मात्र कोणी हलके वापरत नाही, वाऱ्याने भरकटतात. खेळताना सगळे जड वापरतात, जवळजवळ दुप्पट वजनाचे. मीही.

मी मॅगझिनमधले कालचे उरलेले जड छर्रे तसेच ठेवले, मीटरला त्यांचं वजन सांगितलं आणि घोडा ओढला.

एक पॉइंट नऊ.

मी खुर्चीत मागे टेकले. कारण लगेच कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. विजेच्या बंदुकीत हवेचा एकच ठरलेला घोट असतो; छर्रा हलका असो की जड, जोर साधारण तेवढाच. मोजायची सवय तिथून आली. गॅसच्या बंदुकीत तसं नसतं. जड छर्रा नळीतून सावकाश निघतो, जितका वेळ आत तितका वेळ गॅस मागून ढकलत राहतो. बाहेर पडतो कमी वेगाने, पण लागतो जास्त जोराने. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बसचं मोकळं दार झटकन मिटतं. दाराला माणूस टेकलेला असला की हळू मिटतं, पण दाबतं किती ते ज्याचा हात अडकलाय त्याला विचारा. तीस वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवलं. आणि कॅमेऱ्यासमोर बसून मोकळ्या दाराची परीक्षा घेऊन मोकळी झाले.

भाऊ आला तेव्हा मी त्याच्यासमोर पुन्हा दहा छर्रे मारून दाखवले. तो आकड्यांकडे बघत राहिला.

"आज दुसरा व्हिडिओ करू," मी म्हटलं. "मी चुकले म्हणून सांगते. चाळीसही बंदुका परत मागव. नोझलमध्ये बारीक व्हॉल्व्ह बसवला की गॅसची वाट अरुंद होते, अर्ध्या तासाचं काम आहे. मी बसते."

"ताई, जरा शांतपणे विचार कर."

"मी शांतच आहे."

"तू अजिबात शांत नाहीयेस, तुझ्या हातात हातोडी आहे."

होती खरी. ठेवली खाली. त्याने सप्लायरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आत्या," सप्लायर म्हणाला, "कंपनीने हलक्याने मोजलंय. तुम्ही हलक्याने मोजलंय. मैदानावर पंच हलक्याने मोजतात. तुम्ही एकट्याच का जीव टांगणीला लावताय? येत्या रविवारी मोठा सामना आहे. बाहेरून चार संघ येतायत. त्या दिवशी हे काढायचं का?"

"म्हणजे त्या दिवशी तर चाळीस बंदुका एकदम मैदानात असणार."

"पाणी प्या, आत्या. रविवारनंतर बघू."

"रविवारनंतर दात मोजायचे का?"

त्याने सुस्कारा सोडला. मग माझ्याशी नाही, भावाशी बोलला. असा व्हिडिओ दुकानाच्या नावाने आला तर एजन्सी दुसऱ्याकडे द्यावी लागेल, त्याचाही नाइलाज आहे, वगैरे. नाइलाज हा शब्द काही लोक अगदी मजेत उच्चारतात.

फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाला, "व्हिडिओ होणार नाही. दुकान माझं आहे, ताई."

मी बरंच बोलले. त्याच्या लहानपणापासूनचं सगळं काढलं. काढायला नको होतं ते पहिल्यांदा काढलं. तो ऐकून घेत उभा राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "दोन मुलं शिकतायत माझी." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आणि बारा पावलांवरून अर्धा दात जातो हेही चुकीचं नव्हतं.

मंगळवारी मी पंचाकडे गेले. पंच म्हणजे शाळेतले निवृत्त खेळाचे मास्तर. घरीही गळ्यात शिट्टी. ते जिना पुसत होते, पुसता पुसताच ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं पटतं मला. पण मोजणी टेबलावरच्या डबीतल्या छर्र्यांनी, अशी पद्धत आहे. मी आज एकासाठी मोडली तर उद्या दुसरा म्हणेल माझ्यासाठीही मोडा. मी नियमाबाहेर जाणार नाही."

"नियम असेल तर?"

"असेल तर मला कोणी अडवू शकत नाही. सप्लायरचा बापही नाही." आणि पायरी पुसत खाली गेले.

भाऊ आणि मी दोन दिवस एकमेकांशी भिंतीमार्फत बोलत होतो. गुरुवारी भावजय मागच्या खोलीत आली. ती मला ताई म्हणते. चिडली की "वन्सं" म्हणते, तिच्या आजीच्या काळातल्यासारखं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही दुकान बुडवणार आहात का?"

"मला दुकान नाही बुडवायचं. मला रविवारी त्या बंदुका मैदानात नकोत."

"मग हे वाचा." तिने मैदानाची नियमावली पुढ्यात टाकली. प्रत्येक खेळाडू ती सही करून घेतो आणि कोणी कधी वाचत नाही. नवव्या नियमावर तिने नखाने रेघ ओढली होती. मी दोनदा वाचला. कोणाला इजा झाली आणि मारणाऱ्याने आपणहून कबुली दिली, तर त्याची बंदूक त्या वेळी मॅगझिनमध्ये होते त्याच छर्र्यांनी मोजायची. मर्यादेबाहेर भरली तर त्या दिवशी आलेल्या त्या मॉडेलच्या सगळ्या बंदुका तशाच मोजायच्या, आणि ज्या जास्त भरतील त्या दुरुस्त होईपर्यंत बाहेर. कबुली देणाऱ्याला मोसमभर बंदी.

"हा नियम कधी वापरला गेलाय?" मी विचारलं.

"कधीच नाही. कबुली देतंय कोण?" मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ताई. तुमचा होता तो छर्रा?"

मी हो म्हटलं. तिने दुकानाकडचं दार ओढून घेतलं आणि विचारलं, "बंदी आली तर तुम्ही रविवारी करणार काय?"

माझ्यासारख्या बाईला रविवार म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. आठवडाभर मी टेबलाशी वाकलेली, गुडघे कुरकुरणारी बाई असते. रविवारी ड्रमामागे उभी राहिले की मी साठीची नसते, कोणाची आत्या नसते, श्वास रोखून धरलेली एक शिकारीण असते. तिथे कोणी मला हात धरून पायरी उतरवत नाही. तो एक दिवस देऊन टाकायचा होता, आणि तोही माझी लाज चव्हाट्यावर मांडून.

"नळांचे वॉशर बदलेन," मी म्हटलं.

शुक्रवार-शनिवार मी व्हॉल्व्ह घडवत बसले. तीस झाले.

रविवारी मैदानाच्या फाटकापाशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाहेरचे चार संघ, त्यांचे झेंडे, गाड्यांची दारं उघडमिट. फाटकाबाहेर मोजणीचं टेबल, टेबलावर मीटर, शेजारी पांढऱ्या छर्र्यांची डबी, मागे पंच. सप्लायर फलकाखाली उभा राहून सगळ्यांशी हात मिळवत होता. भाऊ व्हॅनमधून सामान उतरवत होता. येताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, मी काय करणार ते त्याला माहीत नव्हतं. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे अकरा जण होते, त्यातल्या पाचांच्या हातात तीच काळी बंदूक. एकामागून एक, डबीतले छर्रे, एक पॉइंट तीन, हिरवी पट्टी, आत. एकजण मला म्हणाला, "आत्या, तुमच्या सांगण्यावरून घेतली हो, काय चीज आहे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी पाळी आली. पंचांनी डबीकडे हात नेला.

"थांबा," मी म्हटलं. "मला नववा नियम लावा."

त्यांचा हात तसाच राहिला. मला वाटतं त्यांना क्षणभर नववा नियम आठवेना. मग आठवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी मागे वळले. आवाज डेपोतला होता. तो चार बसगाड्यांच्या पलीकडे जातो. "गेल्या रविवारी डॉक्टरांचा दात माझ्या छर्र्याने गेला. मी मारला. ही बंदूक, हे मॅगझिन, हेच छर्रे. माझी कबुली लिहून घ्या."

पहिला हलला तो सप्लायर. हसत हसत आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, आत्या! अहो, खेळात होतं असं. कोण तुम्हाला दोष देतंय? एवढ्या धावपळीत छर्रा कुणाचा होता हे कुणाला कळणार? पंच, सोडून द्या. आमच्या सगळ्यांकडून आत्यांना माफी. टाळ्या!"

दोन-चार टाळ्या वाजल्यासुद्धा. आणि खरं सांगते, एक क्षण मला ती माफी घ्यावीशी वाटली. इतक्या लोकांसमोर इतक्या गोड आवाजात मिळालेली माफी, घेतली असती तर पाच मिनिटांत मी ड्रमामागे असते.

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. "माफी मी मागितली का तुमच्याकडे? दात तुमचा होता का? ज्यांचा होता त्यांची मी मागेन, ते आमचं आम्ही बघू. तुम्ही मला माफ करून या चाळीस बंदुका आत सोडणार आहात. मला नको तुमची माफी. मला शिक्षा द्या, माझ्या हक्काची आहे ती!"

"बाईंना खात्रीही नाहीये—" सप्लायर पंचांकडे वळला.

"नियमात खात्री लिहिलेली नाही," पंच म्हणाले. शिट्टी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. "नियमात कबुली लिहिलीये. बाजूला व्हा."

त्यांनी माझं मॅगझिन तसंच बसवलं, मीटरला वजन सांगितलं, घोडा ओढला. आकडा मी बघितला नाही, मला माहीत होता. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होते. मीटरजवळ उभ्या असलेल्या एका पोरीने तो मोठ्याने वाचला आणि रांगेत ज्यांच्या हातात काळ्या बंदुका होत्या ते आपापल्या बंदुकीकडे बघू लागले.

पंचांनी माझ्या बंदुकीच्या नळीला लाल पट्टी गुंडाळली. वहीत लिहिलं. मोसमभर. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली आणि मी सही केली. मग त्यांनी आत गेलेल्या पाचांना बाहेर बोलावलं.

गर्दीतून डॉक्टर पुढे आला. नवा दात अजून बसला नव्हता, बोलताना हात तोंडापुढे. मी त्याच्यासमोर उभी राहिले. आठवडाभर काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "कोणी विचारलं नाही म्हणून गप्प बसले. माफ करा."

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या स्वतःच्या हातात तीच काळी बंदूक होती, तो तिच्याकडे बघत होता. "मी पण जडच वापरतो," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे गेल्या रविवारी मीही लोकांना असंच मारत होतो." त्याने बंदूक टेबलावर ठेवली. "मोजा."

एक पॉइंट नऊ. लाल पट्टी.

"दात गेला, आता आजचा सामनाही गेला!" तो एकदम माझ्यावर उखडला. "आत्या, तुम्ही ना, साधं पोट दुखल्याचंसुद्धा कोणाला हळू सांगू शकत नाही का?" आणि उखडता उखडताच हसायला लागला, हात तोंडावरून खाली आला, तेव्हा ती अर्ध्या दाताची फट सगळ्यांना दिसली. हसलं कोणीच नाही. रांग पुढे सरकली.

सगळे काही शहाण्यासारखे वागले नाहीत. तिघांनी छर्रे बदलायचा प्रयत्न केला, पंचांनी पकडले. एकाने मला ऐकू येईल असं काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. सप्लायरने दोन्ही फोन एकदम कानाला लावले, मग भावाजवळ जाऊन दोन मिनिटं बोलला आणि गाडीत बसून गेला. भाऊ तिथेच उभा होता. मग तोही व्हॅनकडे गेला. मी हाक मारली, त्याने मागे बघितलं नाही. व्हॅन निघाली तेव्हा जिथे ती उभी होती तिथे माझी हत्यारांची पेटी आणि व्हॉल्व्हचा डबा उतरवून ठेवलेला होता. रागाने ठेवला की मायेने, ते मी अजून विचारलेलं नाही. एजन्सी गेली. ते दुकान आता कमी चालतं, आणि त्याचं कारण मी आहे. हेही सरळच सांगते.

मी पेटी ओढत मोजणीच्या टेबलापाशी आणली. भावजयीने कुठूनशी खुर्ची पैदा केली. मी बसले, डॉक्टरची बंदूक पुढ्यात घेतली आणि पिना काढल्या.

"आत्या," पंच अवघडून म्हणाले, "तुम्हाला सांगायला हवं, नियम आहे. बंदी असलेल्या माणसाने फाटकाच्या आत यायचं नाही."

"फाटक तिकडे आहे," मी म्हटलं. "मी इथेच बसणार. मोसमभर. पुढची बंदूक द्या."